कोयनेचा धक्का येतो कुठून?

‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का. जीवितहानी नाही. धरण सुरक्षित.’ सातारा-सांगलीच्या पेपरात ही बातमी इतक्या वेळा येऊन गेली आहे की पाटण, कराड, शिराळ्याकडची माणसं ती वाचून पान उलटतात. धक्का जरा जोराचा असला, मांडणीवरची भांडी वाजली, तर मात्र दिवसभर तोच विषय. कुणी म्हणतं, हे सगळं धरणामुळं. कुणी म्हणतं, खाली लाव्हा उकळतोय. कुणी म्हणतं, बरं झालं, लहान धक्के बसले की मोठा टळतो. पारावरच्या गप्पांत ऐकलेलं हे सगळं मग मोबाइलवर फिरत राहतं.

या प्रत्येक बोलण्यात थोडं खरं आणि बरंचसं चुकीचं आहे. ज्या मुलखात १९६७ साली एका पहाटे गावंच्या गावं कोसळली, तिथल्या माणसांना आपल्या पायाखाली काय चाललंय हे नीट माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. विषय अवघड आहे, पण समजायला अशक्य मुळीच नाही.

बातमीतला आकडा काय सांगतो

बातमीत ‘३.२ रिश्टर स्केल’ असं काहीतरी असतं. भूकंपाच्या जागी जमिनीखाली किती ऊर्जा मोकळी झाली, याचं हे माप. एका भूकंपाला असा एकच आकडा असतो. त्याच भूकंपाचा हादरा पाटणला जोरात, कराडला बेताचा आणि सांगलीला जेमतेम जाणवेल, पण आकडा तिन्ही गावांसाठी तोच. तुमच्या घरात किती हललं, हा आकडा ते सांगत नाही. वेगवेगळ्या संस्था आपापल्या यंत्रांवरून हिशेब करतात, त्यामुळं एकाच धक्क्याचे दोन आकडे पेपरात दिसतात. त्यात लपवाछपवी काही नसते.

या मापाची एक खुबी मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण पुढं तिचं काम पडणार आहे. आकडा एकानं वाढला की यंत्रावर दिसणारी जमिनीची हालचाल दहापट होते आणि मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे ३ आणि ५ यांच्यात दोनाचा फरक दिसतो, ऊर्जेत तो हजारपट असतो.

खाली लाव्हा उकळतोय का?

नाही. आपल्या पायाखाली लाव्ह्याचा समुद्र आहे, ही समजूत शाळेतल्या चित्रांमुळं झाली असावी. त्या चित्रांत पृथ्वीचं पोट लालभडक दाखवलेलं असतं.

पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. सगळ्यात वर भूकवच, म्हणजे घन खडकाचा थर. आपल्याकडं तो साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. ते भयंकर तापलेलं आहे, पण वरच्या दाबामुळं घनच आहे. त्याच्याही खाली गाभा. गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेल्या लोखंड-निकेलचा आणि अगदी आतला भाग पुन्हा घन. तिथलं तापमान पाच हजार अंशांच्या पुढचं.

हे कळलं कसं, असं कुणीही विचारेल. माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, आणि तेही सव्वाबारा किलोमीटरच्या आसपासच थांबलं. पृथ्वीच्या पोटाची माहिती दिली ती भूकंपांनीच. मोठ्या भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात आणि जगभरच्या यंत्रांवर उमटतात. त्यांतल्या एका प्रकारच्या लहरी द्रवातून पुढं जाऊच शकत नाहीत. त्या प्रावरणातून व्यवस्थित जातात, म्हणून प्रावरण घन. गाभ्यापाशी त्या अडतात, म्हणून गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव.

प्रावरण घन असलं तरी अगदी संथपणे वाहतं, वर्षाला काही सेंटिमीटर. त्याला वाहतं ठेवते ती आतली उष्णता. काही उष्णता पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनची शिल्लक आहे, तर काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून आजही तयार होते. तापलेला भाग हळूहळू वर येतो, निवलेला खाली बसतो. हे करोडो वर्षं चाललेलं आहे. भूकंपामागचा जोर इथून सुरू होतो.

आपण सगळे सरकतोय

भूकवच आणि प्रावरणाचा अगदी वरचा टणक भाग मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीचा जो थर होतो, तो सलग नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. खंड आणि समुद्रतळ या भूपट्टांचाच भाग. खंड सरकतात हे १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं, तेव्हा कुणी फारसं ऐकून घेतलं नाही. तो गेल्यावर तीसेक वर्षांनी समुद्रतळाचा अभ्यास झाला आणि त्याचं म्हणणं लोकांना पटलं.

भूपट्ट सरकतात ते काही प्रमाणात खालच्या प्रवाहामुळं, पण त्याहून जास्त स्वतःच्या वजनानं. समुद्राखालच्या भूपट्टाची जुनी, थंड, जड झालेली कड दुसऱ्या भूपट्टाखाली बुडते आणि बाकीच्याला मागून ओढत नेते.

भारत ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडं सरकतो आहे. सातारा, सांगली, अजिंक्यतारा, कृष्णेचा घाट, सगळं त्याच्यासोबत. १९६७ पासून आजवर आपण सगळे मिळून जवळपास तीन मीटर पुढं गेलो. समोर आशियाचा भूपट्ट आडवा आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ही टक्कर सुरू झाली आणि त्यातून हिमालय उभा राहिला. टक्कर अजून संपलेली नाही. २०१५ चा नेपाळचा भूकंप तिचाच भाग होता.

ताण साठतो आणि सुटतो

आता मुद्द्याचं. भूपट्ट संथ आणि सारख्या गतीनं सरकतात, तर भूकंप अचानक का होतो?

घरात कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट शहाबादी फरशीवरून सरकवून पाहा. हात लावला की ते लगेच हलत नाही. तुम्ही जोर लावता, आणखी लावता, कपाटाचा पत्रा थोडा वाकतो, तुमचे दंड ताठ होतात, पण पाय जागचे हलत नाहीत. मग एका क्षणी कपाट खर्रकन चार बोटं पुढं जातं आणि पुन्हा अडतं. आतले हँगर खडखडतात, वरची बॅग खाली येते. तुमचा जोर सगळा वेळ सारखाच होता. सरकणं मात्र एका झटक्यात झालं, कारण पाय आणि फरशी यांच्यातल्या घर्षणानं तोवर सगळं धरून ठेवलं होतं.

खडकात हेच होतं. भूकवचात जुन्या भेगा असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक पूर्वी कधीतरी एकमेकांवरून सरकलेले असतात. अशा भेगेला भ्रंश म्हणतात. भूपट्टाचा रेटा खडकावर सतत येत राहतो. भ्रंश घर्षणामुळं अडून बसतो. मग आजूबाजूचा खडक किंचित वाकू लागतो आणि ताण साठत जातो, कुठं शेकडो तर कुठं हजारो वर्षं. ज्या क्षणी ताण घर्षणाला भारी पडतो त्या क्षणी भ्रंशाच्या दोन्ही बाजू झटक्यात सरकतात, वाकलेला खडक सरळ होतो आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपानं चारी दिशांना धावते. सान फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपानंतर हॅरी रीड यांनी जमिनीच्या मोजण्यांवरून हे दाखवून दिलं. तिथं रस्ते आणि कुंपणं मधोमध तुटून काही मीटर बाजूला गेली होती.

भ्रंश जिथं सरकायला सुरुवात होते ती जमिनीखालची जागा म्हणजे भूकंपाची नाभी. तिच्या बरोबर वर जमिनीवर जो बिंदू येतो, त्याला बातमीत ‘केंद्रबिंदू’ म्हणतात.

आधी आवाज, मग हादरा

कोयना खोऱ्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा. धक्क्याआधी जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो असं तो सांगेल. हा भास नाही.

भ्रंश सरकला की दोन प्रमुख प्रकारच्या लहरी निघतात. पहिली खडकाला पुढं-मागं दाबत जाते आणि सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगानं पळते. दुसरी खडकाला आडवी हलवत जाते, तिचा वेग साधारण साडेतीन किलोमीटर. पहिली लहर आधी पोचते, बारीक थरथर करते आणि तिचा काही भाग जमिनीतून हवेत शिरून आवाज होतो. कोयनेचे भूकंप उथळ असतात, त्यामुळं हा आवाज चांगला ऐकू येतो. मागून येते ती दुसरी. भिंती हलवणारी, नुकसान करणारी लहर तीच. केंद्राला लागून असलेल्या गावात दोन्हींमध्ये जेमतेम एखादा सेकंद जातो. कराडला पाच-सहा सेकंद मिळतात. दोन लहरींमध्ये जेवढे सेकंद गेले त्याला आठानं गुणलं की केंद्र अंदाजे किती किलोमीटरवर आहे ते कळतं. वेधशाळा अशाच तीन-चार ठिकाणांच्या नोंदींवरून केंद्राची जागा काढतात, अर्थात कितीतरी बारकाईनं.

हिमालय इतका लांब, मग धक्के पाटणला का?

हा प्रश्न एकदम रास्त आहे. सह्याद्री भूपट्टाच्या कडेवर नाही, मध्यात आहे. कित्येक वर्षं तर दख्खनचं पठार म्हणजे अगदी स्थिर, इथं भूकंपाची भीती नाही, असंच मानलं जात होतं. आधी कोयना आणि मग १९९३ साली किल्लारी, या दोन भूकंपांनी ती खात्री मोडली.

उत्तरेला टक्कर होते, पण तिचा रेटा तिथंच थांबत नाही. भूपट्ट टणक असल्यामुळं तो दाब मागं सगळ्या द्वीपकल्पात पोचतो. जिथं खडक अखंड आहे तिथं काही होत नाही. जिथं जुना भ्रंश आहे, तिथं ताण साठतो आणि अधूनमधून सुटतो. कडेवर हे लवकर लवकर होतं, मध्यात फार सावकाश.

‘आपल्याकडं काळा पाषाण आहे, तो कसा तुटेल?’ असंही विचारलं जातं. कुंभार्ली घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराजवळ कधी थांबून बघा. खाली घट्ट काळा दगड, त्याच्यावर भोकं पडलेला भुसभुशीत दगड, त्या भोकांत पांढरे चमकते स्फटिक, मध्येच विटकरी मातीचा पातळ पट्टा, आणि पुन्हा काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. विटकरी पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात झिजून माती झालेला पृष्ठभाग. बेसाल्टचं हे आवरण दिसायला अफाट आहे, पण भूकंपाच्या हिशेबात पातळच.

कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतले, त्यांतला एक तब्बल ३ किलोमीटर खोल. काळा दगड कुठं सव्वानऊशे मीटरच्या आसपास संपला, कुठं साडेबाराशे मीटरच्या जवळ. त्याखाली लागला तो ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. बोअरमधून निघालेल्या या दगडांचा अभ्यास कराडजवळच्या हजारमाचीत, पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत चालतो. जगात फार थोड्या ठिकाणी असं काम होतं. ते आपल्या जिल्ह्यात होतंय, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

कोयनेचे बहुतेक धक्के दोन ते दहा किलोमीटर खोलीवर होतात. म्हणजे काळ्या दगडाच्या खाली, त्या जुन्या ग्रॅनाइटातल्या भेगांमध्ये. वरचा दगड कितीही घट्ट असला तरी तळाशी काय होतं, यावर त्याचं काही चालत नाही.

धरणामुळंच होतंय ना मग?

कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागलं. त्यानंतर लगेच लहान धक्के जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचाच्या पुढचा धक्का बसला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली, मुंबईपर्यंत वीज गेली. धरणांच्या पाण्याशी जोडलेल्या भूकंपांत जगातला हा आजवरचा सगळ्यात मोठा मानला जातो. पुढं सांगली जिल्ह्याच्या हद्दीत चांदोलीला वारणेचं धरण झालं, १९८५ पासून त्यात पाणी साठलं, आणि १९९३ च्या सुमारास त्या बाजूलाही धक्के वाढले. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत धक्के वाढतात, हेही दिसून आलं आहे.

तेव्हा पाण्याचा संबंध आहे, हे उघड आहे. शास्त्रज्ञही ते नाकारत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले डॉ. हर्ष गुप्ता यांनी तर आयुष्यभर याच विषयावर काम केलं. पण संबंध कसला, हे नीट पाहायला हवं.

हिशेब करून बघू. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब आहे सुमारे १,३०० किलो. म्हणजे पाण्यानं घातलेली भर एक टक्काही नाही. एवढ्याशा वजनानं अखंड खडक मोडणार नाही. ६.३ च्या भूकंपाची ऊर्जा जलाशयातून येऊच शकत नाही. ती भूपट्टाच्या रेट्यानं आधीच साठलेली होती.

पाणी करतं ते काम दुसरंच. जलाशयातलं पाणी भेगांतून, खडकाच्या बारीक फटींतून हळूहळू खाली झिरपतं. मुख्य म्हणजे त्याचा दाब फटींतल्या आधीच्या पाण्यातून खोलवर पोचतो. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना वरचं वजन एकमेकांवर दाबून धरत असतं, म्हणून तर घर्षण. आतल्या पाण्याचा दाब वाढला की त्या वजनाचा थोडा भार पाणी उचलतं. दोन्ही बाजूंची पकड तेवढी सैल होते. कपाटाच्या बाबतीत सांगायचं तर कुणीतरी ते वरून किंचित उचलून धरल्यासारखं. फरशी ओली झाल्यानं ती निसरडी होते, तसला हा प्रकार नाही. इथं वजनच कमी होतं. कपाट सरकायच्या बेतात असेल तर तेवढं पुरतं. रेटा लावलेलाच नसेल, तर उचलून धरूनही ते जागचं हलणार नाही.

म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात की कोयनेच्या धरणानं भूकंप घडवला नाही, त्याची वेळ अलीकडं ओढली. उद्या धरण रिकामं केलं तरी भूपट्टाचा रेटा थांबणार नाही. तरीही ज्यांची घरं गेली त्यांना या फरकाचा काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर ते मला समजतं. धरण बांधताना या शक्यतेचा विचार झाला नव्हता. त्या काळी ती फारशी कुणाला माहीत नव्हती, पण किंमत इथल्या लोकांनी मोजली.

मग उजनी, जायकवाडीखाली का होत नाही?

कारण पाणी असून भागत नाही. खाली सरकायच्या बेतात आलेला भ्रंश लागतो आणि पाण्याचा दाब त्याच्यापर्यंत पोचायला वाट लागते. जगात हजारो मोठी धरणं आहेत, त्यांतल्या थोड्याच ठिकाणी भूकंप झाले. आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्टा, चीनमधलं शिनफेंगजियांग ही त्यांतली मोठी नावं. तिथले मोठे धक्के १९६० च्या दशकातच बसले.

कोयनेचं वेगळेपण असं की इथं हे साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. बाकी बहुतेक ठिकाणी धरण भरल्यावर काही वर्षांत प्रकरण शांत झालं. आणि इथले धक्के सगळीकडं विखुरलेले नाहीत. कोयना धरणापासून दक्षिणेला वारणेपर्यंतच्या साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यातच ते होतात. जगभरचे अभ्यासक इथं येतात ते यासाठीच. भूकंप उथळ, जागा ठरलेली, धक्के वारंवार. भूकंपाच्या जवळ जाऊन यंत्र ठेवायचं तर याहून सोयीची जागा मिळणं कठीण.

लहान धक्के बसले की मोठा टळतो?

हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि माझ्या मते सगळ्यात घातक. ऐकायला पटतो, कारण थोडी थोडी ऊर्जा निघून गेली तर साठणार कशी, असं वाटतं. आता मघाचा ३२ चा हिशेब काढा. ३.३ पासून ६.३ पर्यंत तीन पायऱ्या. ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, म्हणजे जवळपास ३३ हजार. एका ६.३ च्या भूकंपाएवढी ऊर्जा सुटायला ३.३ चे ३३ हजार धक्के लागतील. दर वर्षी बसणारे पाच-पंचवीस धक्के त्या हिशेबात कुठंच बसत नाहीत. १९६७ च्या आधीही लहान धक्के बसतच होते.

उलट, प्रत्येक लहान धक्का मोठ्याची नांदी असतो असंही नाही. हजारो लहान धक्के येऊन गेले आणि पुढं काही झालं नाही. लहान धक्क्यातून एवढंच समजतं की खाली भ्रंश जिवंत आहे.

तारीख का सांगता येत नाही?

पाऊस सांगता येतो, वादळ सांगता येतं, मग भूकंप का नाही? कारण ढग उपग्रहातून दिसतो. दहा किलोमीटर खोल भ्रंशावर नेमका किती ताण साठलाय, कुठली जागा किती घट्ट अडली आहे, हे आजच्या घडीला थेट मोजता येत नाही. चीननं १९७५ साली हाइचेंगचा भूकंप आधी ओळखून गाव रिकामं केलं, तेव्हा जगाला आशा वाटली. पुढच्याच वर्षी तांगशानला भूकंपानं लाखो माणसं मारली, कसलीही आगाऊ सूचना नव्हती.

तेव्हा ‘आज रात्री साडेबाराला मोठा धक्का, नासानं सांगितलं’ असा मेसेज आला तर तो खोटा आहे, पुढं पाठवू नका. जगातली कुठलीही संस्था तारीख-वेळ देऊन भूकंप सांगत नाही. कुठल्या भागाला किती धोका, एवढं सांगता येतं. भारतीय मानक ब्युरोच्या २००२ च्या नकाशात कोयनेचा पट्टा झोन चारमध्ये आहे, म्हणजे त्या नकाशातल्या चार विभागांपैकी वरून दुसऱ्या क्रमांकाच्या धोक्याचा.

आणि धरण?

१९६७ ला धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. नंतर तडे भरले आणि भिंतीला मागून काँक्रीटचा आधार दिला. पुढं सांडव्याचा भागही बळकट केला. धक्क्यानंतर बातमीत ‘धरण सुरक्षित’ लिहिलेलं असतं, ते तपासणी करूनच. माझ्या लेखी त्याहून मोठी काळजी दुसरीकडं आहे.

माणूस मरतो तो घरात

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, ६.२ च्या आसपासचा. म्हणजे ताकदीला कोयनेएवढाच. तिथं जवळपास दहा हजार माणसं गेली. कोयनेला सुमारे १८०. फरक बऱ्याच अंशी वस्तीचा आणि घरांचा. किल्लारीकडं गावं दाट, भिंती दगडमातीच्या, आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. भिंत फुटली की सगळी माती झोपलेल्या माणसांवर. कोयना खोऱ्यात वस्ती विरळ होती आणि घरांवर कौलं होती, तुलनेनं हलकी.

आपल्याकडं अजूनही पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराळ भागात दगडमातीची घरं आहेत. अशी भिंत बाहेरून एक वाटते, प्रत्यक्षात ती दोन असते. एक दर्शनी थर बाहेरचा, एक आतला, आणि मध्ये दगडांच्या चिपा आणि माती भरलेली. हादऱ्यात मधली भर खाली बसते, दोन्ही थर फुगतात आणि एक बाहेर तर एक घरात पडतो. भिंतीला आत्ताच पोट आलेलं दिसत असेल तर तिला मोठा भूकंप लागणार नाही, ४.५ चा उथळ धक्काही पुरेल.

नवं घर बांधताना गवंड्याकडून दोन गोष्टी हट्टानं करून घ्या. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा, चारी भिंतींना गुंफणारा, कोपऱ्यात कुठंही न तुटलेला. आणि खिडक्या-दारं कोपऱ्यापासून लांब. भूकंपात पहिल्यांदा कोपरे उघडतात, मग भिंती सुट्या होऊन पडतात. या पट्ट्याचा खर्च घराच्या खर्चात फार नसतो, पण स्लॅब आणि फरशीवर पैसे घालताना लोक नेमका तोच वाचवतात.

जुनं घर पाडणं सगळ्यांना परवडत नाही. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवले असतील तर ते आज उतरवा आणि पत्रा वाशांना हुक-बोल्टनं आवळून घ्या. माळ्यावरचे जड पिंप, जातं, पाट्याचा दगड खाली आणा, झोपायच्या जागेच्या वर तर काहीच नको. धक्का बसला आणि बैठ्या घरात दाराजवळ असाल तर उघड्यावर या, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडं धावू नका, लिफ्टला हात लावू नका, भक्कम टेबलाखाली बसून डोकं झाका आणि हलणं थांबेपर्यंत तिथंच थांबा.

भिंत धड उभी आहे पण दुपदरी आहे, तर तिलाही इलाज आहे. दर तीन-चार फुटांवर एकेक दगड काळजीपूर्वक काढून भिंतीत आरपार भोक करायचं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेला सळईचा तुकडा घालायचा, भोक काँक्रीटनं भरून घ्यायचं आणि दहा-बारा दिवस पाणी मारायचं. आतला आणि बाहेरचा थर त्या जागी एकमेकांना बांधला जातो. किल्लारीनंतर मराठवाड्यात जुनी घरं बळकट करायला ही पद्धत वापरली गेली. तिला यंत्र लागत नाही. काम सावकाश, एका वेळी एकच भोक घेऊन करायचं आणि आधीचं काँक्रीट धरल्याशिवाय शेजारचा दगड हलवायचा नाही, एवढं मात्र गवंड्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा.